बीड वाजवून बघावं

मागच्या अंकात मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन गावातल्या मडीरा टेरेसविषयी लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहून गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समुद्राकडं तोंड आणि कड्याला पाठ करून उभी असलेली बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, १५१ कमानींची रांग, लांबी ८६५ मीटर. कमानींच्या डोक्यावर फिरायची गच्ची, खाली सावली. १८९० ते १८९७ या काळात बांधलं आणि २०१२ साली धोकादायक ठरवून बंद केलं. माझी लेक शेजारच्या होव्हला राहते. तिच्याकडं गेलो की रोज संध्याकाळी माझी फेरी तिथं, कुंपणाबाहेरून. चाळीस वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

लेख छापून आल्यावर बरीच पत्रं आली. संपादक म्हणाले, एकदाच काय ती उत्तरं देऊन टाका. तर घ्या.

आमचा बंगला रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिडक्यांच्या ग्रिल चार-पाच वर्षांत खाल्ल्या जातात. ब्रायटनचं लोखंड खाऱ्या वाऱ्यात सव्वाशे वर्षांवर टिकलं कसं? (गृहिणी, रत्नागिरी)

ताई, तुमची ग्रिल आणि ब्रायटनची कमान ही चुलत भावंडंसुद्धा नाहीत. ग्रिल माइल्ड स्टीलची. बारीक चौकोनी गज कापले, वेल्डिंग मारलं, रेड ऑक्साईडचा एक हात फिरवला आणि ‘वहिनी, दहा वर्षं बघायला नको’ म्हणून फॅब्रिकेटर निघून गेला. वेल्डिंगच्या खळग्यांत ब्रश पोचतच नाही, खारं पाणी मात्र पहिल्याच आठवड्यात पोचतं.

कमान बिडाची. तुमच्या घावनाच्या तव्याची जात. बिडात तीन टक्क्यांच्या वर कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला असतो. वितळलेला रस वाळूच्या साच्यात जातो तेव्हा वाळूला टेकलेल्या बाजूवर एक कडक कातडी धरते. आम्ही तिला कास्टिंग स्किनच म्हणतो. ग्राइंडर मारून ती उडवली नाही, तर गंजाला आत शिरायला वेळ लागतो. शिवाय जाडी. तुमचा गज दहा-बारा मिलिमीटरचा, तो सगळीकडून मिलिमीटरभर गेला तर उरलं काय? बिडाच्या खांबाला तेवढं गेल्याचा पत्ताही लागत नाही. आणि खरं सांगायचं तर तिकडचा गारठाही मदतीला येतो. आपल्या कोकणातला दमट उकाडा लोखंडाला जास्त वाईट.

पण ‘टिकलं’ म्हणताना जरा थांबा. बिडाचा रोग वरून दिसत नाही. आमच्या फाउंड्रीत एकदा किनाऱ्यावरच्या एका कारखान्यातून खाऱ्या पाण्याच्या पंपाचं जुनं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आलं होतं, तसंच नवीन ओतून द्या म्हणून. बघितलं तर धडधाकट. कडा शाबूत, ओतलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. आमच्या मिस्त्रींनी खिशातला चाकू काढला आणि अक्षराच्या कडेला टेकवून नुसता दाबला. पाव इंच आत गेला. भुगा निघाला तो काळा, गुळगुळीत, बोटावर घासला की पेन्सिलीसारखा उमटणारा. खाऱ्या पाण्यानं त्यातलं लोखंड तेवढं विरघळवून नेलं होतं आणि मागं ग्राफाइटचा सांगाडा उरला होता. आकार तोच, रंग जवळपास तोच, जीव गेलेला.

म्हणून बीड डोळ्यांनी बघायचं नाही, वाजवून बघायचं. निरोगी बीड नाण्यानं ठोकलं तर टण्ण करतं आणि आवाज जरा रेंगाळतो. भेग असेल, आतून पोखरलं असेल, तर भद्द. ब्रायटनला टेरेसपर्यंत हात पोचत नाही, कुंपण आहे. म्हणून मी किनाऱ्यावरच्या निळसर हिरव्या कठड्यांवर आणि दिव्याच्या खांबांवर पाच रुपयांचं नाणं वाजवत हिंडतो. लेक दहा पावलं पुढं चालते. ‘बाबा, लोक बघतायत.’ बघू देत. बहुतेक खांब टण्ण म्हणतात. एक-दोन ठिकाणी मात्र बुडाशी, जिथं पाणी साचतं तिथं, आवाज बसलेला लागला. समुद्रापेक्षा साचलेलं पाणी वाईट ते असं.

मडीरा टेरेसच्या कमानींवर चेहरे आहेत असं तुम्ही लिहिलंत. इतकी नक्षी, तीही १५१ वेळा, त्या काळात हातानं कशी केली असेल? आराखडा कुणाचा? (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, पुणे)

आराखडा फिलिप लॉकवूड यांचा. ते ब्रायटन नगराचे सर्व्हेयर होते. आजच्या भाषेत नगरपालिकेचे इंजिनिअर म्हणा. त्याच किनाऱ्यावरचा १८८४ सालचा बँडस्टँडही त्यांचाच. पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा दिसतो म्हणून लोक त्याला बर्डकेज म्हणतात. नगरपालिकेच्या इंजिनिअरनं इतकं नाजूक काही काढावं याचं मला अजून नवल वाटतं. आपल्याकडं पेव्हर ब्लॉकच्या पुढं गाडी जात नाही.

कमानींवर आळीपाळीनं दाढीवाला नेपच्यून आणि व्हीनस यांची मुंडकी. दर्याचा देव आणि दर्यातून निघालेली देवी. आता तुझा प्रश्न. हातानं फक्त एकदा केलं, बाळ. १५१ वेळा केलं ते वाळूनं.

आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे ज्याचा साचा घ्यायचा तो नमुना. हे काम पॅटर्नमेकरचं, म्हणजे ज्याला सुतारकीही येते आणि मूर्तिकामही. तो पॅटर्न पेटीत ठेवायचा, भोवती ओलसर काळी वाळू कुटून भरायची, पेटीचे दोन भाग वेगळे करायचे आणि पॅटर्न अलगद वर उचलायचा. वाळूत राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. वाळू फुटली की कास्टिंग बाहेर. तोच पॅटर्न पुन्हा वाळूत. दिवसभर.

खरी कसोटी ‘अलगद उचलायचा’ या दोन शब्दांत आहे. नेपच्यूनची दाढी घे. तिची एखादी बट खालून आत वळलेली असेल, तर पॅटर्न वर येताना ती बट वाळूचा लचका तोडून आणणार. साचा गेला. म्हणून प्रत्येक बटेला, नाकपुडीला, ओठाला बाहेरच्या बाजूला जरासा उतार द्यावा लागतो. आम्ही त्याला ड्राफ्ट म्हणतो. दगडात घडवलेल्या मुंडक्याला कानामागं खोल खाच मारता येते, बिडाच्या मुंडक्याला सहसा नाही. म्हणून बिडातले चेहरे जरा मुखवट्यासारखे, समोरून दाबल्यासारखे दिसतात. शिल्पकार नाकं मुरडतात. मला मात्र त्या चेहऱ्यात वाळूची अट दिसते आणि ती पाळून केलेली कारागिरी दिसते.

बारीक नक्षी उतरायला रस पातळ लागतो. बीड साधारण १२०० अंशांच्या आसपास वितळतं, शुद्ध लोखंडाला १५३८ लागतात. शिवाय त्या काळी नक्षीकामाच्या बिडात फॉस्फरस भरपूर असे. त्यानं रस पाण्यासारखा धावतो, दाढीच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो. किंमतही मोजावी लागते, कारण तेच बीड ठिसूळ होतं. दाबलंत तर हत्ती पेलेल, वाकवायला गेलात तर चिक्कीसारखं मोडेल. कमान हा आकार बिडाला मानवतो तो म्हणूनच. कमानीत बहुतेक सगळा दाबच.

परीक्षेत लिहायला आणखी एक देतो. त्या काळी असलं काम कॅटलॉगवरून मागवता यायचं. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफर्लेन यांच्या सॅरासन फाउंड्रीचे जाडजूड कॅटलॉग असत. कारंजी, कठडे, बँडस्टँड, खांब, नंबर सांगा आणि बोटीनं मागवा. म्हैसूरच्या राजवाड्यातला कल्याण मंटप बघितला असशील. ते रंगीत नक्षीदार खांब त्याच फाउंड्रीचे. दसऱ्याला तिथं गेलेल्या किती मराठी माणसांनी ग्लासगोच्या बिडाला टेकून फोटो काढले असतील!

टेरेसच्या पहिल्या टप्प्याचं काम सुरू झाल्याचं तुम्ही लिहिलंत. असं काम आपल्या शिरोलीच्या फाउंड्र्यांना जमेल का? (तरुण उद्योजक, कोल्हापूर)

जमेल. ट्रॅक्टरची नि मोटारींची कास्टिंग करणाऱ्यांना कमान काय जड? पहिला टप्पा २८ कमानींचा आहे आणि काम २०२४ च्या अखेरीस सुरू झालं. सुटे भाग उतरवून, दुरुस्त करून किंवा नव्यानं ओतून परत बसवायचे, असा प्रकार. ऑर्डर तुम्हाला मिळेल की नाही ते मी कोण सांगणार? पण मिळालीच, तर माझी एक फजिती ऐकून घ्या, म्हणजे तुमची टळेल.

मी नवीन होतो, तेविसाव्या वर्षी. गावातल्या एका जुन्या वाड्याच्या सज्जाचं काम आलं. बिडाच्या जाळीचे चार-चार फुटांचे तुकडे, मधले सहा गहाळ. मालकांनी शिल्लक राहिलेला एक तुकडा नमुना म्हणून दिला. मी म्हटलं, पॅटर्न करायचा खर्च कशाला? हाच तुकडा वाळूत दाबू. दाबला. सहाच्या सहा सुरेख उतरले, पानाची शीरन्‌शीर आली. मी खूश होऊन टेम्पोत घालून नेले. एकाला एक लावत गेलो आणि शेवटी कठड्यात तीन इंचांची फट. मालक म्हणाले, ‘का वो, मांजरासाठी वाट ठेवलीसा काय?’

परत आलो तर मिस्त्री बिडी ओढत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, ‘बीड गार होताना अंग चोरतं, पोरा.’

फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. शंभराला एक. चार फुटाचा तुकडा अर्धा इंच आखूड, असे सहा. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून जरासा मोठा. दुकानातल्या पट्टीशेजारी ठेवली तर पहिले दोन-तीन इंच फरक कळतसुद्धा नाही, फुटाच्या टोकाला कळतो. मला ती पट्टी माहीत नव्हती असं नाही. पण हातात तयार नमुना आला आणि अक्कल गहाण पडली.

आता हेच मडीरा टेरेसला लावा. एका कमानीच्या वाट्याला पावणेसहा मीटरच्या आसपास लांबी येते. जुन्या भागावरून थेट साचा घेतलात तर प्रत्येक कमानीला साडेपाच-सहा सेंटिमीटरची फट. अख्खी रांग तशी ओतलीत तर ती आठ मीटरहून अधिक आखूड. हल्ली जुना भाग थ्रीडी स्कॅन करून कॉम्प्युटरवरच टक्काभर वाढवतात आणि त्यावरून पॅटर्न कापतात. त्यातही ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतून घेणार असाल तर आधी ॲल्युमिनियम अंग चोरणार, मग बीड. दोन्हीचा हिशोब धरा. मालक सगळे सारखेच असतात, मांजराची वाट कुणाला चालत नाही.

दिल्लीचा लोहस्तंभ १६०० वर्षं गंजला नाही. आपल्या पूर्वजांना जे जमलं ते इंग्रजांना शंभर वर्षांपूर्वीही जमलं नाही, हे तुम्ही का लिहीत नाही? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

गुरुजी, हा मेसेज मलाही दर महिन्याला येतो. स्तंभाबद्दल मला आदर आहे, तुमच्याइतकाच. पण तुलना चुकते.

स्तंभ घडीव लोखंडाचा. सहा टनांच्या वर वजन. लोखंडाचे गोळे तापवून, घणानं ठोकून, एकाला एक जोडून तयार केलेला. एवढा मोठा नग असा जोडायचा म्हणजे काय, हे भट्टीजवळ उभं राहिलेल्यालाच कळेल. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. आयआयटी कानपूरच्या डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्यामुळं पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला. गंमत बघा, तोच फॉस्फरस ब्रायटनच्या काळातल्या बिडात रस पातळ करण्याच्या कामी आला आणि दिल्लीत गंज थोपवण्याच्या कामी. सून एकच, दोन घरांत दोन स्वभाव.

दुसरं कारण दिल्लीची हवा. वर्षातले बरेच महिने कोरडी. स्तंभ ओला झाला तरी लवकर सुकतो. मीठ नाही. तोच स्तंभ शंभर वर्षं वेंगुर्ल्याच्या बंदरात उभा केला असता, तर आपण दोघं आज वेगळ्याच गोष्टीवर वाद घालत असतो.

मरीन ड्राइव्हला असा लोखंडी नक्षीदार कठडा का नाही? (मुंबई)

काळ चुकला. मरीन ड्राइव्हवरच्या इमारती उभ्या राहिल्या त्या १९३० नंतर, तोवर बिडाचे दिवस संपून आर.सी.सी.चे आले होते. मुंबईत बिडाची इमारत बघायची तर काळा घोड्याला जा. वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतले, बोटीनं आणले आणि १८६० च्या दशकात इथं जोडले. ७ जुलै १८९६ ला लुमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते तिथंच. आता हालत अशी की बघवत नाही. २००५ साली सज्जाचा भाग कोसळला होता. जाल तेव्हा समोरच्या फुटपाथवरून बघा.

ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या गंजक्या कठड्यांचं एवढं कौतुक कशाला? आणि पैसा कुणाचा जातोय? (ठाणे)

पैसा तिथल्या लोकांचा. २०१७ मध्ये त्यांनी वर्गणी काढली, साडेचार लाखांहून जास्त पौंड जमले. सगळ्या कामाच्या मानानं ते मूठभर तांदूळ, पण त्यानंतर सरकारी चक्रं हलली. २०२० मध्ये वास्तूचा वारसा दर्जाही वाढवला.

कौतुकाचं म्हणाल तर मी त्यांचा निष्काळजीपणाही लिहिलाय. त्याच किनाऱ्यावर अर्ध्या तासाच्या चालीवर १८६६ सालचा वेस्ट पियर, म्हणजे समुद्रात शिरलेला फिरायचा धक्का आहे. नव्हे, होता. १९७५ ला बंद केला आणि मग आज करू, उद्या करू. २००२ च्या शेवटी एक भाग ढासळला, २००३ मध्ये दोनदा आग लागली. आता पाण्यात नुसता सांगाडा उभा आहे, माशाचं काटं राहावं तसा. संध्याकाळी पक्ष्यांचे थवे त्याच्यावर घिरट्या घालतात आणि लोक मोबाइल वर करून फोटो काढतात. मला तो फोटो काढवत नाही.

आणि ब्रायटनशी आपला संबंध नाही असं कसं म्हणता? पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ तिथल्या राजवाड्यात होतं. जे वाचले नाहीत त्यातल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, १९२१ सालची. बसनं जाऊन पुढं चढण चालावी लागते. मी गेलो होतो. गुडघ्यांनी रात्री जाब विचारला.

वेंगुर्ल्याला माझ्या सासऱ्यांच्या घराला पुढच्या पायऱ्यांवर जुना बिडाचा कठडा आहे, द्राक्षाच्या वेलाची नक्षी असलेला. दोन पट्ट्या तडकल्यात. मुलगा म्हणतो काढून स्टेनलेस स्टीलचा लावू. काय करू? (सेवानिवृत्त परिचारिका, सिंधुदुर्ग)

ताई, आधी मुलाला चहा करून द्या आणि थोडा वेळ थांबवा.

पहिलं काम, नाणं घ्या आणि कठडा वाजवा. वरून खाली, वीतभर अंतरानं. जिथं आवाज बसेल तिथं खडूनं खूण करा. बहुधा बुडाशी सापडेल, जिथं पट्टी दगडात गेलीय. जुन्या कामात तिथं शिसं वितळवून ओतलेलं असतं, करड्या रंगाचा मऊ ठिपका दिसेल, नखानं ओरखडा उठतो. ते काढू नका. आणि गवंड्याला तिथं सिमेंट भरू देऊ नका. सिमेंटला बारीक भेग पडते, पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. फुगतो आणि पायरीचा दगडच फोडतो.

दुसरं, तडकलेल्या पट्ट्यांना नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका. तो सवयीनं नेहमीचा रॉड लावेल, टाका बसल्यासारखा दिसेल आणि गार होताना टाक्याशेजारी नवीन तडा जाईल. टिक्‌ असा आवाजही ऐकू येतो. बिडाला निकेलचा रॉड लागतो, भाग आधी तापवावा लागतो आणि नंतर राखेत नाहीतर वाळूत सावकाश गार करावा लागतो. हे करणारा माणूस नसेल तर मागच्या बाजूनं पातळ पट्टी लावून स्क्रूनं आवळणं बरं. दिसायला जरा कमी, पण तुटत नाही.

तिसरं, रंग. जुना रंग खरवडताना तोंडाला नीट मास्क लावा, ओला करून खरवडा, नातवंडांना जवळ येऊ देऊ नका आणि भुगा झाडाच्या आळ्यात टाकू नका. जुन्या लोखंडाला खाली शेंदूर लावलेला असायचा. थट्टा नाही, मारुतीला चढवतात तोच, शिशाचा. गंजाला उत्तम अडवतो, पण माणसाला विषारी. खाली केशरी थर दिसला तर तोच समजा. परिचारिका होता, तुम्हाला शिशाबद्दल मी काय सांगायचं? वायर ब्रशनं सुटा गंज काढा, ग्राइंडर मात्र लावू नका. कातडीचं मघाशी सांगितलंच. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर चांगला रंग. पानांच्या मागच्या बाजूलाही लावायचा. रंगारी तिथं हमखास चुकारपणा करतो, खाली बसून बघा. आणि हे सगळं दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. मे महिन्याच्या शेवटी घाईनं लावलेला रंग गणपतीला पापुद्र्यानं निघतो.

नक्षीच्या खळग्यांत पाणी साठत असेल तर तळाशी बारीक भोक पाडून वाट करून द्या.

पट्ट्यांपैकी एखादी अगदीच गेली असेल तर मला कळवा. द्राक्षाच्या पानाचा समोरून एक फोटो पाठवा, शेजारी शिवणकामाची टेप ताणून धरा आणि तुकड्याची लांबी दोन्ही टोकांपासून नीट मोजून लिहा. एक टक्का मी वाढवून घेईन. तोवर भंगारवाला दारावरून गेला तर मुलाला घरात गुंतवून ठेवा.